काठावर ओढलेल्या बोटीतली झोप

माझ्या आयुष्यातली सगळ्यात गाढ झोप मी एका लोखंडी बोटीत घेतली आहे, आणि ती बोट पाण्यात नव्हती. येडगाव धरणाच्या फुगवट्यातलं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं. त्याच्या वाळलेल्या गाळावर, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर ती उभी होती. मी तिच्यात पाठ टेकायचो ते सकाळी पाखरांनी कालवा केला की उठायचो. त्याच वेळी वरच्या अंगाला, उसाला लागून असलेल्या आमच्या वस्तीवर माझी बायको दाराला आतून कडी लावून, कडीला दोरी गुंडाळून आणि दाराशी ज्वारीची कोठी सारून जागी बसलेली असायची.

हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं आणि ते मला माहीत होतं. लोक अजून म्हणतात, ‘‘बोट राखाया एकला झोपायचा राव, लई छातीचा माणूस!’’ मी ऐकून घेतो. मान खाली घालतो तर त्यांना तो माझा साधेपणा वाटतो. पन्नाशी उलटली, आता खरं काय ते लिहून टाकतो. रडकं काही नाही यात. त्या उन्हाळ्यात हसण्यासारखंच जास्त घडलं, आणि हसायला माणसंही पुष्कळ जमली होती.

बोट म्हटल्यावर काही नाजूक डोळ्यांसमोर आणू नका. ज्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात तिथंच ती बनली, त्यामुळे ट्रॉलीला पुढून नाक फुटल्यासारखी दिसते. धरण झालं तेव्हा आमचं अर्धं रान पाण्याच्या या काठाला राहिलं आणि अर्धं पलीकडे. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो. म्हणून मी आणि माझ्या चुलतभावानं मिळून ही बोट केली. तो माझ्याहून मोठा; त्याला सगळा गाव दादा म्हणतो आणि मीही. खुरपणाच्या बायका, खताच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट, एकदा तर एक हट्टी रेडकू, सगळं त्या बोटीनं इकडून तिकडे नेलं आहे.

लोखंड पाण्यात राहिलं की बूड गंजतं. मग काही वर्षांनी एकदा, उन्हाळ्यात, बोट वर काढायची, सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, तांबडा रंग मारायचा, त्यावर डांबर. बोट वर काढणं हा आमच्याकडं छोटा कार्यक्रमच असतो. एक ट्रॅक्टर, एक साखळी आणि सल्ला द्यायला आख्खी आळी. त्या वर्षी ट्रॅक्टरचं चाक गाळात रुतायला लागलं तेव्हा दादा म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे हितंच. पाणी आता मागंच जायाचंय.’’ मग खाली टायर सारले. जाता जाता तो म्हणाला, ‘‘पर बांधून ठेव रं एखाद्या खुट्याला.’’

मी हसलो. जमिनीवरची बोट कोण बांधतं? दावं तोडून जायला ती काय गाय आहे?

त्या दिवसांत काठावर केबलचोरांचा सुळसुळाट होता. आमच्याकडं प्रत्येकाची पाण्याची मोटर काठाशी असते. पाणी मागे सरलं की मोटरही खाली सरकवायची, पाणी वाढलं की वर ओढायची. वर्षभर हा खेळ चालतो. चोर रात्रीतून या मोटरींच्या केबली कापून न्यायचे, आतलं तांबं विकायला. बोटीचं इंजिन आम्ही नारायणगावला मेस्त्रीकडं टाकलं होतं, पण बोटीत पाणी कापायचा पंखा होता, बॅटरी होती, वेल्डरचं सामान होतं.

‘‘रातच्याला कुणीतरी झोपाया पायजे,’’ दादा म्हणाला.

‘‘झोपतो मी,’’ मी म्हणालो. त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

इथं वाघाचं सांगायला हवं. उसात बिबट्या असतो, आम्ही बोलताना त्याला वाघच म्हणतो. कधी कुत्रं नेतो, कधी शेळी. वनखात्याचा पिंजरा कधी या बांधाला तर कधी त्या. त्यामुळे उघड्या रानात झोपायला तयार झालेला माणूस एकदम मोठा झाला. पारावर मला चहा पाजला गेला. खरं सांगू? आख्ख्या काठावर बोटीइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. खाली गुडघ्याइतके टायर, वर छातीइतक्या पत्र्याच्या भिंती, त्यावर मच्छरदाणी. शिडीनं चढायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. वाघाला उडी मारता येते, कबूल, पण ताज्या रंगाच्या वासानं गावातलं कुत्रंसुद्धा तिच्या जवळ यायचं नाही.

आणि ती झोप! पत्रा दिवसभर तापलेला असायचा, पण अंधार पडला की पाण्यावरून वारा यायचा आणि पत्रा भराभर निवायचा. कूस बदलली की खालचे टायर किंचित दबायचे, बोट हलल्यासारखी वाटायची. कुठल्या तरी मोटरीची घरघर, एखादी टिटवी. वर सगळं आभाळ. रंगाचा, डिझेलचा आणि गाळाचा मिळून एक वास. मला कुणी काही विचारत नव्हतं.

खरं कारण हे शेवटचं. मुलीचं लग्न झालं, मुलगा चाकणला कंपनीत लागला आणि तिथंच फ्लॅट घेऊन बायको-पोरीसह राहायला लागला. वस्तीवर आम्ही दोघंच उरलो. मी मुळातच कमी बोलणारा. पोरं होती तोवर ते खपून गेलं. घरात इतका गलका असायचा की कोण गप्प आहे हे कळायचंच नाही. आता बायको बोलायची आणि मी ‘हं’ म्हणायचो. ती म्हणायची, पोरगं बोलावतंय, काही दिवस जाऊ या का? मी ‘हं’ म्हणायचो. ती विचारायची, हं म्हणजे जायचं की नाही? मी पुन्हा तेच. मला राग नव्हता, कंटाळाही नव्हता. पण तिच्या प्रत्येक वाक्याला मी उत्तर देणं लागतो आणि ते माझ्यापाशी नाही, असं काहीतरी वाटायचं आणि छातीवर बसायचं. घरात झोप लागायची नाही. बोटीत उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

ती मात्र वस्तीवर एकटी. शेजारचं घर उसाच्या पलीकडे. दिवस मावळायच्या आत ती म्हशीला वैरण टाकून, कुत्र्याला आत घेऊन दार लावायची. उशाशी बॅटरी आणि एक पितळी ताट-पळी. वाघ आला तर वाजवायला. सकाळी मी घरी गेलो की चहा पुढं ठेवायची आणि विचारायची,

‘‘बोट सुखरूप हाय ना?’’

‘‘हं.’’

‘‘झोप लागली का तिला?’’

मी चहा प्यायचो.

काम तसं झटपट उरकलं. वेल्डर नारायणगावचा, जिभेचा तिखट. बुडाचा सडका भाग कापला, नवा पत्रा बसवला, रंग मारला. बूड झालं. मी म्हणालो, आतूनही एक हात मारू. तो झाला. मग म्हणालो, बाजूच्या पट्ट्याही बदलू. त्या चांगल्या होत्या, पण बदलल्या. मग आणखी एक हात रंग. वेल्डरनं ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘भाऊ, आता हिला रंग न्हाई, झबलं शिवा. बारशाला बोलवा आमाला.’’

‘‘पाण्यात राहायची आहे रे ती.’’

‘‘मंग टाका की पाण्यात! पाण्यात ऱ्हाणारी हाय आन तुमी तिला पाणी दावीना.’’

दादाला मी सांगितलं की रंग वाळतोय. घरी सांगितलं, रंग वाळतोय. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन माहीत असलेल्या कुठल्याही माणसाला हे पटणार नाही. त्या उन्हात भिजवलेलं घोंगडं तासाभरात खडखडीत होतं. पण मी कमी बोलणारा असल्यामुळे माझं बोलणं लोक खरं धरतात. मुक्या माणसाला खोटं बोलण्याची ही एक मोठी सोय असते.

मग एके दिवशी वेल्डर त्याची राहिलेली होल्डरची वायर न्यायला वस्तीवर आला. मी नव्हतो. बायकोनं त्याला चहा केला. त्यानं चहा पिता पिता सांगितलं की काम मागच्या बाजाराच्या आधीच संपलंय, वैनी, भाऊच सोडंनात.

संध्याकाळी मी जेवायला बसलो. तिनं भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाली,

‘‘रविवारी पोरगं गाडी घेऊन येतंय. मी चाकणला जाते.’’

मी घास घेतला.

‘‘चार दिसासाठी न्हाई. तिथंच ऱ्हाते. हितं मला भ्या वाटतं. तुमी बोटीत ऱ्हावा न्हायतर पाण्यात ऱ्हावा.’’

त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते आज मला पाठ आहे. तेव्हा मी म्हणालो, ‘‘हं.’’

तिनं माझ्याकडं बघितलं, उठली आणि आतून स्वतःची वाकळ घेऊन आली. ‘‘चला. आजची रात मी बी तिथंच झोपते. बघते तरी, सवत कशी हाय.’’

म्हैस दादाच्या गोठ्यात बांधली, कुत्र्याला त्याच्याच पडवीत सोडलं. दादा विचारत होता कुठं निघाला दोघं. ती म्हणाली, ‘‘माहेरी.’’ उजेड होता तोवर आम्ही खाली पोहोचलो. पाणी रोजच्यापेक्षा जवळ आल्यासारखं मला वाटलं. वाटलं म्हणजे दिसलंच. रोज ज्या बाभळीच्या खोडाशी गाळ सुकलेला असायचा तिथं आज ओल होती. पण बायको शिडी चढत होती, मी शिडी धरली होती, आणि माझ्या डोक्यात रविवार होता. मी त्या ओलीचा विचार केला नाही.

वर चढून ती उभी राहिली आणि एखाद्या नव्या सुनेचं घर बघावं तशी बोट बघायला लागली.

‘‘ही उशी! आन मी घरभर हुडकली.’’

मी मच्छरदाणी बांधायला लागलो.

‘‘आन हा तांब्या. मला म्हनला गडी घेऊन गेला. बिचाऱ्या गड्याला म्या बोलले.’’ तिनं कोपऱ्यातला डबा उघडला. ‘‘शेंगदाण्याचा लाडू! आवो, ह्ये तर मी पोराला पाठवाया केले व्हते.’’

‘‘एकच आणला.’’

‘‘एकच उरलाय,’’ ती म्हणाली, आणि तो तिनं खाल्ला.

मग आडवी झाली. मला वाटलं आता बोलेल, मी तयारी करत होतो. पण तिला झोप लागली होती. इतक्या लवकर, इतकी गाढ, तोंड किंचित उघडं, एक हात पत्र्याला टेकलेला. कितीतरी रात्रींची साठलेली झोप. मी तिच्याकडं बघत पडलो आणि त्या रात्री पहिल्यांदा मला बोटीत झोप येईना. आली ती पार उत्तररात्री.

‘‘आवो,’’ ती मला हलवत होती. उजाडलं होतं. ‘‘आवो, टायर हलतायत.’’

‘‘हलतात ते. दबतात.’’

‘‘आन बाभळ बी हलतीय का?’’

मी उठून बसलो. पत्र्याच्या कडेवरून बघितलं. बाभळ हलत नव्हती. आम्ही हलत होतो. चोहीकडं पाणी होतं, सकाळच्या उन्हात चमकणारं, आणि आमची शिडी, जी मी त्या रात्री आत घ्यायला विसरलो होतो, ती काठाच्या दिशेनं हळूहळू निघाली होती.

आमच्या धरणाचं असं आहे की इथलं पाणी पावसानंच वाढतं असं नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की ते आमच्याकडं येऊन साठतं आणि मग कालव्याला जातं. कडक उन्हात, ढग नसताना फुगवटा वाढतो. काठ इतका सपाट की पाणी थोडं चढलं तरी रानंच्या रानं गिळत येतं. पाणी सुटणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला होता. माझा फोन घरी चार्जिंगला होता. फोन घेऊन झोपलं की वाजतो, म्हणून मी तो रोजच घरी ठेवायचो.

इंजिन नारायणगावला. वल्ही दादाच्या माळ्यावर. बांबू नाही, दोरी नाही, खुंटा नाही.

‘‘पाय वला का लागतोय?’’ बायकोनं विचारलं.

बोटीच्या बुडाला एक भोक असतं, धुतलेलं पाणी काढून टाकायला. वर काढली की त्याचं बूच काढून ठेवतात. मी ते हरवू नये म्हणून नीट जपून ठेवलं होतं. घरी, भिंतीतल्या देवळीत. भोकातून पाणी छानपैकी कारंज्यासारखं येत होतं. मी बूच कुठं आहे ते सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला नाही की काही नाही. उशीचा अभ्रा काढला, त्याचा बोळा केला, भोकात कोंबला आणि वर टाच रोवून बसली.

‘‘आता मी हालत न्हाई. फोन लावा.’’

तिचा फोन तिच्या कनवटीला होता. दादाला लावला.

‘‘दादा, आम्ही पाण्यात आहोत.’’

‘‘कुठल्या पाण्यात?’’

‘‘धरणाच्या.’’

‘‘आंघुळीला गेला का?’’

‘‘बोट तरंगली.’’

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मग कळलं की तो हसतोय. ‘‘म्या सांगितलं व्हतं ना, बांध म्हणून! बुडताय का?’’

‘‘नाही. तिनं टाच लावली आहे.’’

‘‘मंग बसा निवांत. हितं समद्यांच्या मोटरी बुडायला लागल्यात, त्या आदी वर काढतो. तुझी बी काढतो. तुमी काय, तरंगताय.’’

आणि खरंच, सगळा काठ माणसांनी भरला होता. जो तो आपली मोटर ओढत होता. कुणी केबल खांद्यावर घेतली होती, कुणी पाइप सोडत होतं, कमरेइतक्या पाण्यात शिव्या देत होतं. पाणी सुटलं की आधी मोटर. माणूस काय, बोलावलं की येतो. तशी आमची रीत आहे आणि ती बरोबरही आहे. मधूनच कुणाचं तरी आमच्याकडं लक्ष जायचं.

‘‘पावणं, कुठं निघाला?’’

बायकोनं टाच न हलवता ओरडून उत्तर दिलं, ‘‘चाकणला!’’

आख्खा काठ हसला. मीही हसलो. मग पाहिलं तर ती हसत नव्हती.

‘‘बोला आता,’’ ती म्हणाली. ‘‘आज उठून जाता येयाचं न्हाई.’’

बोट अगदी संथ फिरत होती. एकदा तोंड वस्तीकडं, एकदा पलीकडच्या रानाकडं. मी बोललो. आयुष्यात सलग इतकं कधी बोललो नसेन. काम कधीच संपलं होतं हे सांगितलं. रंगाचं खोटं सांगितलं. राखणीबिखणी काही नव्हतं, चोर आला असता तर माझ्यासकट बोट घेऊन गेला असता, इतका मी झोपायचो, हेही सांगितलं. तिथं ती जरा हसली. घरात तुझ्यासमोर मला काही सुचत नाही, सुचत नाही म्हणून लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून मी पळतो, असं कसंबसं जुळवून सांगितलं. ती ऐकत होती.

मग जे सांगायचं मी टाळत होतो तेही सांगितलं. एका रात्री वारा वस्तीकडून होता आणि मला ताट वाजलेलं ऐकू आलं. घरचंच ताट. त्याचा आवाज मला माहीत आहे. मी उठून बसलो. पुन्हा वाजलं. शिडी लावायला हात पुढं केला. मग थांबलं. थांबलं म्हणजे गेला असेल वाघ, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुन्हा आडवा झालो. आणि मला झोप लागली.

तिनं माझ्याकडं वळून बघितलं.

‘‘ऐकलं व्हतं तुमी?’’

‘‘हो.’’

‘‘वाघ न्हवता आला त्या राती. मीच वाजवलं. बघाया, येताय का.’’ तिनं टाच जरा सारखी केली. ‘‘न्हाई आला. मंग म्या म्हनलं, लांब हाय लई, जात नसंल आवाज. तेवढ्यावर ऱ्हायले मी इतके दिस.’’

मला वाटलं होतं की खरं बोललं की हलकं वाटतं. तसं सांगतात लोक. मला वाटलं नाही. तिच्यापाशी एक समजूत होती, ती मी काढून घेतली एवढंच त्या क्षणी झालं. मी म्हणालो, ‘‘चुकलं माझं.’’ ती म्हणाली, ‘‘चुकलंच की.’’ आणि बोट पुन्हा वस्तीकडं फिरली.

‘‘जाऊ नको चाकणला,’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

काठावर कुणीतरी मोटर ओढताना जोरात ओरडत होतं. तिला खरंच ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं. मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘जाऊ नको!’’

पाण्यावर आवाज लांब जातो. काठावरची माणसं थांबली. एकजण मोटर सोडून उभा राहिला. ‘‘वैनी, नका जाऊ,’’ कुणीतरी ओरडलं. मग दुसरा, ‘‘बोटीनं तर मुळीच नका जाऊ, तिला इंजान न्हाई!’’

आता मात्र ती हसली. हसता हसता टाच निसटली आणि अभ्र्याचा बोळा उडून कारंजं पुन्हा सुरू झालं. मी त्यावर बसलो. मुद्दाम नाही, धडपडून, पण बरोबर त्यावर. ‘‘ऱ्हावा तसंच,’’ ती म्हणाली, ‘‘शोभतंय.’’ दादा आणि एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दोरी घेऊन आले तेव्हा मी तसाच बसलेलो होतो, आणि ती गावाला दिसेल अशी ताठ उभी होती.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. पिशवी भरलेली होतीच. मला वाटलं होतं, आता ती जाणार नाही. पण ती गाडीत बसली.

‘‘पोराला सबूद दिलाय,’’ ती म्हणाली. ‘‘नातीला बी बघते. यायाचं का न्हाई ते तिथं गेल्यावर ठरवीन. तुमी तोवर घरात झोपा. एकटं. बोट पाण्यात गेलीय, आता निमित्त न्हाई.’’

मी घरात एकटा झोपलो. दार लावलं. पहिल्या रात्री छपरावर काही पडलं तर मी उभाच राहिलो; सकाळी बघतो तर चिंचेची वाळकी फांदी. दुसऱ्या रात्री उसात पाचट वाजत राहिलं. वारा होता की आणखी काही, कळलं नाही. कोठी दाराशी सारली आणि कमरेत उसण भरली, तेव्हा कळलं की ती बाई हे रोज एकटीनं सारत होती. भीती वाटली की मी तिला फोन लावायचो. काहीतरी बोलायला हवं म्हणून दिवसभराचं सांगायचो: म्हशीनं आज लाथ मारली, पलीकडच्या टोमॅटोवर करपा आलाय, वेल्डर विचारत होता बोटीचं बाळसं कसं आहे. ती पलीकडून हसायची, कधी कुणाला तरी सांगायची, ‘‘बघ, तुझा बाप बोलतोय.’’ येणार का, हे मी रोज विचारायचो. सरळ, त्याच शब्दांत. ती ‘बघू’ म्हणायची, आणि ‘बघू’ ऐकत राहणं कसं असतं तेही मला समजलं.

ती आली ती कुणाला न सांगता, एसटीनं, नारायणगावहून पुढं जीपनं, डोक्यावर पिशवी. मी ओट्यावर लसूण सोलत होतो.

‘‘आलीस?’’

‘‘न्हाई, अजून चाकणलाच हाये,’’ ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, घर बघितलं. मग सांगितलं की तिथं लिफ्ट आहे, नात गोड आहे, सून मायेची आहे, पण खिडकीतून समोरच्या माणसाचं वाळत घातलेलं बनियन दिसतं, दुसरं काही नाही. शिवाय तिथंही सगळे आपापल्या फोनशी बोलतात. ‘‘मंग म्हनलं, बोलणारा माणूस आता आमच्याच घरी हाय, तर तिथं कशाला ऱ्हाऊ?’’

मला अजून नीट बोलता येत नाही. कुठं थांबायचं ते कळत नाही, हा नवा दोष. रात्री दिवा मालवला की मी सुरू होतो: उद्या मोटर कुठं सरकवायची, कालव्याला पाणी कधी सुटणार, बोटीच्या उजव्या पट्टीवर पुन्हा गंज दिसतोय का. काल तर मी डांबर कुठल्या कंपनीचं चांगलं यावर बराच वेळ बोलत होतो.

‘‘आवो,’’ ती अंधारातून म्हणाली, ‘‘पुरं आता. थोडं सकाळला ठेवा.’’